आईच्या नावावरचे 600 रुपये

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज 600 रुपयांची गोष्ट.

मी भोकरचा. वडील गेले तेव्हा मी आठवीत, बहीण पाचवीत. आई दुसऱ्याच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची. तहसीलच्या कितीतरी चकरा मारल्यावर तिला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं. महिना 600. तेही वेळेवर नाही, दोन-तीन महिन्यांचं एकदम यायचं.

600 मध्ये घर चालतं का? नाही. पण किराणावाला उधारी द्यायला लागला. उशिरा का होईना, पैसे येणार हे त्याला माहीत होतं. वेचणीच्या दिवसांत मी शाळा बुडवून जायचो, ते आईनं बंद केलं. म्हणाली, "तू शाळेत जा, तेवढं माझं येतंय."

तेव्हा नियम असा, की मुलगा 25 वर्षांचा झाला किंवा नोकरीला लागला की विधवा आईचं अनुदान बंद. बीटेक करून मी पुण्यात नोकरीला लागलो, ते बंद झालं. मी खुश! मी तर कितीतरी जास्त पाठवत होतो. पण दिवाळीला घरी गेलो, तर आई चष्मा बदलायचा म्हणून मला विचारते.

म्हटलं, "माय, पैसे तुझेच आहेत ना?"

"ते तुझे हायेत बाबा. ते सहाशे माझे होते."

मी गप्पच बसलो.

आता कामाचं ऐका. 2023 पासून हे अनुदान 1500 झालंय. आणि बाल संगोपन योजना वेगळी आहे. आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी नसेल, तरी 18 वर्षांखालच्या लेकरासाठी अर्ज करता येतो, महिन्याला 2250 रुपये. एकटा बाप सांभाळत असला तरी चालतं. आम्हाला ही योजना कुणी सांगितलीच नाही.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, आपल्यासाठी नांदेडला. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक सोबत ठेवा. मंजुरी बाल कल्याण समिती देते.

तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेलच. त्या माऊलीला नुसता व्हिडिओ फॉरवर्ड करू नका. एक दिवस सुट्टी काढा, सोबत जा.

भेटू पुढच्या भागात.