तेल गेलं, पण माती पिकेल का?

जमिनीवर कच्चं तेल सांडलं की त्यातला हलका भाग उडून जातो, काही भाग जिवाणू फस्त करतात. उरतो तो जड, डांबरासारखा चिकट अंश. तो मातीच्या कणांना असा धरून बसतो की पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. जिवाणूंनाही तो सहजी पचत नाही.

अशी माती भट्टीत जाळणं हा जुना उपाय. तेल जातं हे खरं, पण त्याबरोबर मातीतला सेंद्रिय अंशही जळतो. इंधनही बेसुमार लागतं.

अमेरिकेत तेलधंद्याचं शहर असलेल्या ह्यूस्टनमध्ये राइस विद्यापीठ आहे. तिथले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक किरियाकोस झिगुराकिस आणि पर्यावरण अभियंते पेद्रो अल्वारेझ यांनी वेगळी वाट धरली. माती तापवायची, पण तिला ऑक्सिजन मिळू द्यायचा नाही. लाकडाचा कोळसा पाडताना आपल्याकडे भट्टी मातीने लिंपून हवा कोंडतात, तत्त्व तेच. आधी हलकी तेलं वाफ होऊन बाहेर पडतात. उष्णता ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की जड रेणू तुटतात आणि कोळशासारखा कार्बन मातीतच राहतो.

२०१६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४२० अंशांवर ३ तास तापवलेल्या मातीत तेलाचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं. जाळण्यापेक्षा ऊर्जा ४० ते ६० टक्के कमी लागेल, असा त्यांचा हिशेब होता.

पण या संशोधकांचं खरं कौतुक पुढच्या पायरीसाठी करायला हवं. तेल किती उरलं एवढंच मोजून ते थांबले नाहीत. त्या काळ्या मातीत त्यांनी सॅलडमध्ये घालतात तो लेट्यूस लावून पाहिला. जाळलेल्या मातीपेक्षा तो तिथे चांगला वाढला. माती पिकण्याजोगी झाली की नाही, याचा कौल रोपाकडूनच घ्यायला हवा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. माती खणून यंत्रापर्यंत न्यावी लागते, आणि शिशासारखे धातू उष्णतेने नष्ट होत नाहीत.

पुढे, ज्यात माती सतत टाकत राहतात अशा मोठ्या यंत्रावर चाचण्या झाल्या. २०१९ च्या अहवालानुसार ४२० अंशांवर १५ मिनिटंच पुरली, ९९.९ टक्के तेल निघालं. उष्णता त्याहून चढवली तेव्हा मातीचा कस मात्र उलट घटला.