खाकी वर्दी आणि नागरिकाचा हक्क

(कोथरूड, पुणे येथील सभेत केलेले भाषण)



जुलै 2023 मध्ये याच कोथरूडमध्ये गस्तीवरील पोलीस शिपायांनी मोटारसायकल चोरीच्या संशयावरून काही तरुणांना अडविले. पकडलेले दोघे राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले फरारी निघाले. त्या रात्री चिरीमिरी घेऊन त्यांना सोडले असते तर? शिपायाची सचोटी ही त्याची खाजगी बाब नव्हे. साऱ्या नगराची सुरक्षितता तीवर उभी असते.

उलट, मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या मोटार अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. वरिष्ठांना वेळीच खबर न दिल्याबद्दल येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. हे उघडकीस आले, कारण लोक जागे होते. आपल्या वस्तीतील गरिबाची फिर्याद दडपली गेली, तर कोण जागे राहणार?

लाच केवळ पगाराच्या तुटपुंजेपणातून उपजत नाही. बदली ज्याच्या हाती, त्याच्यापुढे अधिकारी वाकतो. म्हणूनच प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली प्रमुख पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाल, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ आणि पोलीस तक्रार प्राधिकरण असे आदेश दिले. महाराष्ट्राने 2014 साली त्याप्रमाणे कायद्यात दुरुस्ती केली. परंतु तक्रारच झाली नाही, तर प्राधिकरण काय करणार?

तेव्हा हे ध्यानी धरा. फिर्याद नोंदविण्यास एक पैसाही लागत नाही. तिची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. ठाण्यात नकार मिळाल्यास लेखी फिर्याद टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या बिगर अनुसूचित लोकसेवकास त्याच कायद्याच्या कलम 4 अन्वये सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद आहे.

लाच मागितली, तर 1064 या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागास कळवा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळविले, तर त्यास संरक्षण आहे.

ज्याने लाच घेतली तो दोषी आहेच. पण "आपले काम झाले ना" म्हणून जो गप्प बसला, त्याने पुढच्या गरिबाचा दर ठरवून दिला. ठाण्याची पायरी एकट्याने चढू नका. चौघांनी मिळून चढा, लेखी बोला आणि पोच घेतल्यावाचून उतरू नका.