रूळ उखडणे सोपे, पुन्हा टाकणे अवघड

(भीमपूर येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही मुंबईच्या ट्रामबद्दल बोलणार आहोत. भीमपूरला ट्रामचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देतो.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते. कुलाबा-पायधुणीचे भाडे तीन आणे. लोकांची गर्दी वाढली तसे ते दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि १९२० मध्ये दुमजली डबे आले. कारकून, गिरणी कामगार, बाजारहाट करणाऱ्या आयाबहिणी यांचे ते हक्काचे वाहन झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली.

पुढे बसगाड्या आणि मोटारी वाढल्या. ट्राम रस्ता अडवते असे म्हणत एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. नव्वद वर्षांची सेवा संपली. रस्ते मात्र मोकळे झाले नाहीत. अखेर त्याच दक्षिण मुंबईत पुन्हा रूळ टाकावे लागले, तेही जमिनीखाली. कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो २०२५ मध्ये सुरू झाली. मध्ये साठ वर्षे गेली.

आता आपले. ट्राम गेली तरी मुंबईकराला लोकल होती, बस होती. आपल्याला गाडी धरायची तर आदिलाबाद गाठावे लागते. तिथून किनवट, भोकरवरून मुदखेडला जाणारा लोहमार्ग आपल्याला नांदेडशी जोडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पण सोयरीक, बाजार, दवाखाना आणि मुलांचे शिक्षण यांसाठी हा मार्ग दोन्हीकडच्या मराठी घरांचा आधार राहिला. आर्मूर-निर्मळ-आदिलाबाद मार्गाची मागणीही जुनीच आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आहे त्या गाड्यांवर लक्ष ठेवू या. एखादी गाडी कमी होत असेल तर ती बंद होण्याआधी बोलू या. खासदार कोणत्याही पक्षाचा असो, निवेदन सर्वांच्या सह्यांनी जावे आणि त्यावर तेलुगू, गोंड, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्याही सह्या असाव्यात. गाडी सगळ्यांची आहे.