बिघडलेल्या मडक्यांची साक्ष

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधलं लिव्हडन हे मध्ययुगीन कुंभारांचं गाव आज ओसाड आहे. १९६०च्या दशकात तिथं उत्खनन सुरू झालं आणि तेराव्या शतकाच्या सुमाराच्या भट्ट्या उजेडात आल्या. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अशा जागी सापडणारा टाकाऊ माल. भाजताना वाकलेली, तडकलेली, एकमेकांना चिकटलेली भांडी! विकलेलं मडकं दूरच्या बाजाराला जातं. बिघडलेलं मात्र आव्याजवळच पडून राहतं आणि आपण इथंच घडलो, अशी साक्ष देतं. लिव्हडनच्या भट्ट्यांना सरपणासाठी शेजारी रॉकिंगहॅमचं जंगल होतंच. इथल्या हिरव्या झिलईच्या सुरयांवर पांढऱ्या मातीचे पट्टे आहेत. फुटक्या खापरीची कड निरखलीत, तर चुनखडीचे बारीक कणही दिसतील.