बाराव्या आठवड्याची तपासणी



खोपोलीहून कर्जतमार्गे मुंबईस निघालेल्या लोकलगाडींत, हातांतील प्रयोगशाळेचा कागद पुन्हां पुन्हां उलगडून पाहणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणा. हेपटायटिस सी या यकृताच्या रोगावर त्यानें बारा आठवडे न चुकतां गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनीं ‘बरे झालांत’ म्हणून सांगितलें. पुढें दुसऱ्याच कांहीं निमित्तानें रक्त तपासलें, तों कागदावर तोच जुना शब्द : ‘रिअॅक्टिव्ह’. रोग उलटला, अशा समजुतीनें साऱ्या घराची झोप उडते. ही भीति किती खरी व किती खोटी, एवढेंच मी आज सांगणार आहें.

या रोगाचा विषाणु अंगांत शिरला म्हणजे त्याच्याशीं झुंजण्यासाठीं शरीर रक्तांत प्रतिपिंडें निर्माण करतें. प्रथम केली जाणारी साधी तपासणी हीं प्रतिपिंडें शोधते, प्रत्यक्ष विषाणूला नव्हे. विषाणु नाहींसा झाला तरी प्रतिपिंडें वर्षानुवर्षें, पुष्कळदां जन्मभर, राहतात. पाताळगंगेचा पूर ओसरल्यावरही कांठच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते. ती पाहून कोणी ‘पूर आला’ म्हणून पळत सुटत नाहीं. पाणी खरोखर आहे कीं नाहीं हें सांगणारी तपासणी निराळी. ती विषाणूचा आर्. एन्. ए. शोधते, बोलण्यांत तिला ‘व्हायरल लोड’ म्हणतात.

ही तपासणी औषध संपल्यावर बारा आठवड्यांनीं करावयाची असते. औषध चालू असतां विषाणु रक्तांत दिसेनासा होतो. तो समूळ गेला कीं नुसता दबला, याचा निवाडा औषधाचा पहारा उठल्यावरच होतो. रोग उलटावयाचा असल्यास बहुधा याच मुदतींत उलटतो. त्या वेळीं विषाणु आढळला नाहीं तर रोग बरा झाला असें मानतात. त्यानंतर तो उलटण्याचें प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी आहे.

दुर्दैवानें नेमकी हीच तपासणी पुष्कळ लोक टाळतात. कोणाला बरें वाटत असतें, कोणाला निकालाचीच धास्ती असते. आणि खालापूरकडील कामगाराला अलिबागेस किंवा मुंबईस जावयाचें म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हेंही खरें. परंतु न केलेली तपासणी शंका मात्र जन्माची मागें लावते. आणि ज्या थोड्यांचा रोग खरोखरच उलटला असेल, त्यांना दुसऱ्या औषधांनीं वेळींच बरे होण्याची संधि गमवावी लागते.

जुन्या रोग्यांच्या मनांतील भय निराधार नव्हतें. पूर्वी इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें सहा महिने ते वर्षभर चालत, आणि तरीही अनेकांचा रोग परत येई. सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्यांनीं तें चित्र पालटलें. आतां शंभरांत सुमारें पंच्याण्णव रोगी बरे होतात. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून हीं औषधें व तपासण्या सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात.

तथापि दोन प्रकारच्या मंडळींनीं सावध राहावें. ज्यांचें यकृत उपचारापूर्वींच कठीण होऊन आकसलें आहे, म्हणजे ज्यांना सिऱ्होसिस झाला आहे, त्यांना विषाणु गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो. त्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी आणि मद्याला स्पर्श करूं नये. दुसरे, डायलिसिसवर असलेले अथवा एकमेकांच्या सुया वापरणारे. एकदां रोग झाला म्हणून तो पुन्हां जडत नाहीं असें नाहीं. अशांनीं वर्षांतून एकदां तरी आर्. एन्. ए. तपासून घ्यावा.

बाकीच्यांनीं बाराव्या आठवड्याचा तो कागद जपून ठेवावा. शस्त्रक्रियेच्या किंवा नोकरीच्या वेळीं प्रतिपिंडें पुन्हां दिसलीं, तर तो दाखवावा आणि शंका उरल्यास आर्. एन्. ए. तपासण्यास सांगावें. रक्तदान मात्र करूं नये. त्यांच्याबरोबर जेवल्यानें, त्यांचें मूल कडेवर घेतल्यानें रोग पूर्वींही पसरत नव्हता; आतां तर तो उरलेलाच नाहीं. गाडींतील त्या गृहस्थाला घरच्यांनीं एवढें जरी समजावलें, तरी त्याची आजची रात्र सुखाची जाईल.