बोट लागली, आता गावात कसं जायचं?



आपल्या जालना जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर रेल्वेनं अख्खा दिवस जातो. तरीही इथून क्रूझवर जाणारी माणसं आता थोडीथोडकी नाहीत. बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या स्कीममध्ये परदेशाच्या सहली देतात, आणि त्यात बोटीवरच्या दोन-तीन रात्री असतात. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला लागला की आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून पाठवतो. जालन्याच्या मोंढ्यात, अंबडला, भोकरदनला, परतूरला अशी जाऊन आलेली माणसं भेटली की मी त्यांना एकच विचारतो, "गोव्याला बोट लागली तेव्हा उतरलात का?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "नाही हो, बोटीवरच थांबलो. सहलीचे पैसे वेगळे मागत होते. आणि आपण एकटं खाली उतरून जायचं कुठं?"

हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. गोव्यापर्यंत जाऊन धक्क्यावरूनच परत यायचं, याचं कारण पैसा नसतो, धास्ती असते. आजचं बोलणं त्या धास्तीविषयीच आहे.

पहिली गोष्ट, ही धास्ती येते कुठून ते बघा. पूर्वी बोट गावातच लागायची. मुंबईहून पणजीला जाणारी जुनी बोट मांडवी नदीत शिरून थेट पणजीच्या धक्क्याला यायची. उतरलं की समोर जुनं सचिवालय आणि मागं बाजारपेठ. मालवण, वेंगुर्ल्याकडं बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव माणसांना किनाऱ्यावर आणून सोडायचे. भिजायला व्हायचं, पण पाय टेकायचे ते गावाच्याच वाळूत. आजची जहाजं दहा-दहा मजली. त्यांना खोल पाणी लागतं, आणि खोल पाणी मिळतं ते मालवाहू बंदरात. तिथं कोळशाचे ढीग, क्रेन, मालगाड्या, केंद्रीय सुरक्षा दलाचा पहारा. अशा आवारात प्रवाशानं पायी फिरायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. म्हणून जहाजाच्या शिडीवरून खाली पाहिलं की गाव दिसतच नाही, लोखंड दिसतं, आणि माणूस मागं फिरतो. जहाज ते बंदराचं गेट एवढाच टप्पा खरा अवघड असतो. तो पार करायला बंदराची किंवा जहाजाची बस असते, कुठं ती फुकट, कुठं तिचे पैसे पडतात. गेटच्या बाहेर पाय पडला की मग ते कुठल्याही गावासारखं गाव आहे. मंठ्याहून निघून जालन्याला एसटी बदलून पैठणला नाथषष्ठीला जाणाऱ्या माणसाला तिथं अडायचं कारण नाही.

मुंबईपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडची बहुतेक माणसं चढतात आणि उतरतात तिथंच. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. नव्या इमारतीचं उद्घाटन 2025 च्या सप्टेंबरात झालं. क्रूझ सहसा सकाळी परत येते. नाश्ता उरकून, बॅगा घेऊन बंदराच्या ग्रीन गेटच्या बाहेर आलात की आपली माणसं पहिल्यांदा काय शोधतात? रिक्षा. ती तिथं मिळणार नाही. मुंबई शहरात रिक्षाला परवानगीच नाही, ती वांद्रे आणि शीवच्या पुढं सुरू होते. इथं काळी-पिवळी टॅक्सी. तिचं किमान भाडं 2025 च्या फेब्रुवारीपासून 31 रुपये आहे, आणि त्यात दीड किलोमीटर बसतं. ग्रीन गेट ते सीएसएमटी हे अंतर साधारण तेवढंच, फार तर थोडं जास्त. गेटपाशी उभा असलेला टॅक्सीवाला तीनशे-चारशे म्हणाला तर हुज्जत घालू नका. शंभर पावलं पुढं चाला आणि रस्त्यावरून जाणारी टॅक्सी हात करून थांबवा. "मीटरनं चला" एवढंच म्हणा.

बॅगा चाकाच्या असतील आणि गुडघे साथ देत असतील, तर मी म्हणेन, चालतच जा. बॅलार्ड इस्टेटचा हा भाग पहिल्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनीच त्याची आखणी केली. एका उंचीच्या दगडी इमारती, रुंद फुटपाथ, झाडांची सावली. सकाळी कचेऱ्या उघडायच्या आत इथं जी शांतता असते ती मुंबईत दुसरीकडं सहजासहजी मिळत नाही. सरळ पश्चिमेला चालत शहीद भगतसिंग रस्त्याला लागायचं आणि उजवीकडं वळायचं. थोडं पुढं गेलं की जीपीओ दिसतं, 1913 साली पुरं झालेलं. त्याचा घुमट नीट पाहा, विजापूरचा गोलघुमट नजरेपुढं ठेवून तो बांधलेला आहे. त्याला लागूनच सीएसएमटी. म्हणजे रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं.

आता आपल्या सोयीची गोष्ट. जालन्याकडं येणारी वंदे भारत आणि जनशताब्दी या दोन्ही गाड्या सीएसएमटीहूनच निघतात, आणि दुपारी निघतात. सकाळी बोटीवरून उतरलेल्या माणसाच्या हातात त्यामुळं दोन-तीन तास मोकळे राहतात. हे तास प्रतीक्षालयात बाकावर घालवू नका. स्टेशनवरच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवा. त्यासाठी बॅगेला कुलूप असावं लागतं, तेव्हा घरून निघतानाच छोटी कुलपं घ्या. मग हॉर्निमन सर्कलला जा, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसा. नाहीतर समोर महापालिकेची इमारत आहे, आणि ज्या स्टेशनात आपण नेहमी घाईघाईनं धावतो ते 1888 साली पुरं झालेलं स्टेशन रस्त्यापलीकडून शांतपणे बघून घ्या. जागतिक वारशाच्या यादीत ते 2004 पासून आहे. तिकीट आधी काढताना एक काळजी मात्र घ्या. बोटीला उशीर होऊ शकतो, आणि उतरताना मजल्यामजल्यानं सोडतात. बोट लागायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ यांत किमान चार तास असू द्या.

आता गोवा. क्रूझ पणजीला लागत नाही, मुरगाव बंदरात लागते. जवळचं शहर वास्को, गेटपासून तीन-चार किलोमीटरवर. इथं गेटाशी टॅक्सीवाल्यांची गर्दी असते आणि पहिला आकडा ऐकून आपली माणसं तिथूनच परत फिरतात. गोव्यात टॅक्सी महागच आहे. मुंबई-पुण्यातली नेहमीची ॲप तिथं चालत नाहीत, तिथलं गोवामाइल्स हे ॲप आहे, ते घरी असतानाच फोनमध्ये घालून ठेवा. पण पूर्ण दिवसाची टॅक्सी करायची गरजच काय? वास्कोच्या बसस्थानकापर्यंत टॅक्सी करा. चौघांनी मिळून केली तर भार वाटत नाही. वास्कोहून पणजीला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, आणि खासगी बस आहेत. कुठ्ठाळीवरून, जुवारी नदीच्या नव्या पुलावरून बस जाते. या पुलावर 2022 च्या डिसेंबरअखेर वाहनं सुरू झाली आणि तेव्हापासून पूर्वीची कोंडी बरीच सुटली. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. तासभर धरा, येताना दीड तास धरा.

बसमध्ये कंडक्टरशी मराठीत बोला. तो कोकणीत उत्तर देईल, तुम्हाला कळेल. ही सोय फुकेतला नाही, सिंगापूरला नाही. शेजारच्या बाईला "पणजीचं बसस्थानक कुठं येतं?" विचारलंत तर ती स्वतः उतरायच्या आधी तुम्हाला उठवेल.

पणजी, जुनं गोवं आणि मंगेशी हे तिन्ही एका दिवसात करायचा हट्ट मात्र धरू नका. क्रूझचा गोव्यातला मुक्काम म्हणजे फार तर सकाळ ते संध्याकाळ. पणजी करायची असेल तर फक्त पणजी करा. फोंतायनशच्या गल्ल्या, मांडवीचा काठ, जेवायला शिवराक, म्हणजे शाकाहारी, हवं असेल तर तेही मिळतं. मंगेशी आणि शांतादुर्गा ही ज्यांची कुळदैवतं आहेत त्यांनी पणजी सोडून द्यावी आणि फोंड्याकडं सरळ टॅक्सी करावी. ठरवताना दर फक्त जाण्याचा ठरवू नका, थांबण्याचे तास आणि परत गेटपर्यंत सोडणं हे दोन्ही शब्द आधी उच्चारून घ्या. आणि ज्यांना लांब जायचंच नाही त्यांनी वास्कोतच फिरावं. मासळीबाजार आहे, बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं खरी जुनी विमानं उघड्यावर उभी केलेली आहेत. नातवंडं बरोबर असतील तर दुसरं काही शोधू नका. सोमवारी मात्र ते बंद असतं.

कोचीला गोष्ट आणखी सोपी आहे. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं आणि शहर चारही बाजूंना पाण्यापलीकडं आहे. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी तिथं आपल्या एसटीसारख्या धावतात, तिकीटही काही रुपयांचंच. रिक्षाही आहे. फोर्ट कोचीत चिनी जाळी पाहायची, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जायचं. 1524 साली वास्को द गामाला पहिल्यांदा पुरलं ते इथंच. पुढं मट्टनचेरीचा राजवाडा आणि 1568 सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर. शुक्रवारी आणि शनिवारी हे प्रार्थनामंदिर बंद असतं, तेव्हा बोट कुठल्या वारी लागते ते पाहून ठरवा. एखादा रिक्षावाला अगदी स्वस्तात सगळं गाव दाखवतो म्हणाला तर समजा की मध्ये तीन-चार मसाल्याची आणि साड्यांची दुकानं येणार. दुकानांत वेळ घालवायचा नसेल तर आधीच स्पष्ट सांगा आणि पूर्ण भाडं द्या.

लक्षद्वीपला मात्र मी सांगेन, स्वतंत्र जायच्या भानगडीत पडू नका. तिथं उतरायला परवाना लागतो, जहाज खोल पाण्यात थांबतं, छोट्या बोटीनं नेतात-आणतात. ती सहल जहाजाकडूनच घ्यावी.

परदेशातही कसोटी हीच, अंतराची. सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटरपासून मरीना साउथ पिअर हे मेट्रोचं स्थानक चालत जाण्याएवढं जवळ आहे, तिथून लाल मार्गिकेनं शहर काही मिनिटांवर. तिथं टॅक्सीच्या रांगेत तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. पण बँकॉकच्या नावानं ज्या बंदरात जहाज लागतं ते लाएम चाबांग बँकॉकपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे, पट्टाया त्याहून कितीतरी जवळ. रोमचं बंदर चिविटावेक्या रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तिथं रेल्वे चांगली आहे, धीराचा माणूस स्वतः जाऊन येतो. माझा हिशेब असा की जायला एक तासापर्यंत लागत असेल तर आपलं आपण जावं. त्याहून जास्त लागत असेल आणि रस्ता ओळखीचा नसेल, तर जहाजाची सहल घ्यावी. ती महाग असते, पण तिची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. ठरल्या वेळी दोर सोडतात.

म्हणून घड्याळाविषयी दोन शब्द जास्त बोलतो. सिंगापूरहून फुकेतला जाणारी जहाजं पुष्कळदा सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतात. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. तुम्ही फुकेतला उतरलात की फोन तिथल्या मनोऱ्याला जोडला जातो आणि आपलं आपण घड्याळ बदलतो. जहाजावर सांगितलेलं असतं सहा वाजेपर्यंत परत या. तुमच्या फोनमध्ये पाच वाजलेले असतात, तुम्ही निवांत शहाळं पीत असता, आणि जहाजावर त्याच क्षणी सहा वाजलेले असतात. यावर उपाय जुनाच आहे. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि परत येईपर्यंत त्याला हात लावू नका. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी गेटात या. गेटापासून पुन्हा बसची रांग असते, सामानाची तपासणी असते, हे विसरायचं नाही.

उतरताना खिशात काय हवं? जहाजाचं कार्ड, त्याशिवाय परत चढू देत नाहीत. आपल्या देशात असाल तर आधार कार्ड, परदेशात असाल तर पासपोर्टची झेरॉक्स, कारण मूळ पासपोर्ट काही जहाजांवर जमा करून घेतात. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. बोट खरोखर चुकली तर तोच माणूस पुढची वाट सांगतो. आणि बंदराचं नाव, गेटाचं नाव कागदावर लिहून घ्या, जमलं तर तिथल्या भाषेत कुणाकडून तरी लिहून घ्या. नुसतं "क्रूझ, क्रूझ" म्हटल्यानं टॅक्सीवाला भलत्याच धक्क्यावर नेऊन सोडू शकतो.

शेवटी, मला पुष्कळ जण विचारतात की म्हातारी माणसं बरोबर असतील तर काय करायचं. त्यांना बोटीवर ठेवून आपण गावात जाऊ नका. त्यांच्यासाठीच तर बहुतेक मुलांनी ही तिकिटं काढलेली असतात. एक टॅक्सी करा, एकच ठिकाण ठरवा, तिथं बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का ते जहाजावरच्या चौकशीच्या खिडकीत आदल्या रात्री विचारून घ्या, आणि उन्हं चढायच्या आत सकाळी निघा. वास्कोहून बोगमाळ्याचा किनारा जवळ आहे. तिथं सावलीत खुर्च्या मिळतात, चहा मिळतो, आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा बोटीवर येता येतं.