जीपचा शाफ्ट उतरवताना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने टेबलावर हा तेलकट लोखंडी नळा का आणून ठेवला आहे, असे आपल्या मनात आले असेल. माझ्या मामूंच्या जुन्या जीपचा हा मागचा प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजमधली मुले याला जॉइंट शाफ्ट म्हणतात. आपल्या गावांत अशा जुन्या फोर-व्हील जीप अजून आहेत, आणि दहावी होऊन किंवा न होताच गॅरेजात जाणारी आपली मुलेही आहेत. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी व त्यांच्या वडिलांसाठी आहे.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला व एक मागच्या अ‍ॅक्सलला जातो. खड्ड्यात चाक वरखाली झाले की अ‍ॅक्सलही वरखाली होतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळणारा सांधा लागतो, त्याला आपण क्रॉस म्हणतो. आणि लांबी कमीजास्त व्हावी म्हणून मध्ये दातेरी स्लिप जॉइंट असतो. या सांध्याला कुठे कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे नाव देतात, तर कुठे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचे. आमच्या मेस्त्रींना ही दोन्ही नावे ठाऊक नाहीत, पण त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी.

मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत मामूंकडे गेलो असता शाफ्ट उतरवण्याचे काम हौसेने अंगावर घेतले. अंगण थोडे उताराचे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि खाली शिरलो. शेवटचा नट सुटला, शाफ्टचे टोक निसटले आणि गाडी माझ्या अंगावरून सरकू लागली. मामूंनी हाताशी असलेला जांभ्याचा चिरा मागच्या चाकाखाली लोटला, म्हणून आज मी आपल्यासमोर उभा आहे.

असे का झाले? गिअरने धरलेले असते इंजिनाला, आणि इंजिन चाकाला धरते ते शाफ्टमधून. शाफ्ट काढला की गिअरचा चाकाशी संबंध संपला. हे बहुतेकांच्या लक्षात येते. पण त्या जुन्या नमुन्याच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रमही चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या मुळाशी असतो. म्हणजे मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, मागच्या चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. अशा गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलले, तर शाफ्ट जागेवर असूनही गाडी सरकू शकते. कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे सुलटे. तेव्हा सपाट जागा पाहा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा आणि मगच खाली शिरा. बाबांनो, आपला मुलगा ज्या गॅरेजात काम शिकतो तिथे एकदा जाऊन ओट लावतात की नाही एवढे तरी पाहून या.

आता दुसरी चूक. त्याच गाडीचा शाफ्ट पुढे एका गॅरेजात उघडला गेला. परत आल्यापासून गाडी चाळीसच्या पुढे गेली की थरथरे. नवा क्रॉस दोन महिने टिकला नाही. मेस्त्री म्हणाले, माल डुप्लिकेट. मामूंनी पुन्हा पैसे भरले, आणि तोही क्रॉस गेला. दोष मालात नव्हता. एकच क्रॉस कोनात फिरला, तर पलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत नाही. कोन १५ अंशांचा असेल आणि अलीकडे मिनिटाला १००० फेरे असतील, तर पलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ९६६ पर्यंत उतरतो आणि दोनदा १०३५ पर्यंत चढतो. दहावीच्या त्रिकोणमितीतला कोसाइन हाच. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढउतार उलट करून मिटवतो. पण शाफ्टची दोन्ही टोकांची योक एका रेषेत असतील तरच. स्लिप जॉइंट चुकीच्या दात्यात बसवला की झटके मिटायच्या ऐवजी राहतात किंवा वाढतात. म्हणून शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. त्या पुसल्या असतील तर उघडण्यापूर्वी पंचाने स्वतः खूण करा. आमच्या शाफ्टवरची खूण चिखलाखाली होती, आणि ती कोणी पुसून पाहिली नाही.

क्रॉस बदलताना घाई नको. यू-बोल्ट सोडल्यावर दोन टोप्या मोकळ्या होतात, त्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया मातीत जातात. सर्क्लिप काढून टोप्या व्हाइसमध्ये दाबून बाहेर काढा. हातोडी नळीवर मारू नका. पोचा आला की शाफ्टचा तोल गेला. नळीवर डागलेला लहानसा पत्र्याचा तुकडा तोलासाठीच असतो. तो कचरा समजून छिनीने उडवणारे महाभाग मी पाहिले आहेत. नवी टोपी बसवताना एखादी सुई आडवी पडली तर सर्क्लिपची खाच पूर्ण उघडी होत नाही. तिथे जोर केला की नवा माल तिथेच संपला. टोपी काढून सुया ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या करा. बसवल्यावर क्रॉस हाताने सर्व बाजूंना फिरला पाहिजे. पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा.

खरे तर बहुतेक क्रॉस ग्रीसवाचून मरतात. निपल पुसून ग्रीसगन लावा आणि चारही टोप्यांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत दाबा. तीन बाजूंनी आले आणि चौथीकडून आले नाही, तर ती चौथी कोरडी आहे. पावसाळ्यात गाडी वहाळातून गेली असेल तर अंतर मोजत बसू नका, त्याच दिवशी ग्रीस करा. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना ठक् असा आवाज आला, तर क्रॉस सांगतोच आहे. असा शाफ्ट घेऊन घाटात उतरू नका. पुढचे टोक तुटून रस्त्यात रुतले तर काय होते, ते इथे लहान मुलांसमोर सांगत नाही.

कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थ्यांनी एकेक करून टेबलाजवळ यावे. योक हातात धरून उलटसुलट फिरवून पाहा. एका टोकाचा क्रॉस नवा आहे, दुसऱ्याचा झिजलेला. कोणता कुठला, ते हाताला कळेल. बाणाच्या खुणा मी मुद्दाम पुसलेल्या नाहीत, त्या शोधून दाखवा. हात पुसायला फडके ठेवले आहे.